सोडणं म्हणजे सुटका नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला वक्ते मोठमोठ्या विषयांवर बोलतात. आम्ही आज एका कासवाविषयी बोलणार आहोत. हसू नका. त्या कासवापायी आमच्या हातून एक चूक झाली. ती कबूल केल्याशिवाय दुसऱ्याला चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबाने कासव आणलं. घरात कासव असलं की पैसा टिकतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. पैसा काही आला नाही. कासव खोक्यात भातपोळी खात वाढत राहिलं. पोरगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्या मुक्या जिवाकडे पाहायला कोणी उरलं नाही. एक दिवस ती माउली बादली घेऊन विहारात आली. "भाऊ, याचं आता कोण करते? तुम्हीच ठेवून घ्या न जी."

बुद्ध पौर्णिमा जवळ होती. आम्ही ठरवलं, त्या दिवशी याला बंधनातून मोकळं करू. पेपर मिलची पाळी सुटल्यावर आम्ही पाच-सहा जण सायकलीने तलावावर गेलो. त्रिसरण-पंचशील घेतलं, कासव खोल पाण्यात सोडलं, टाळ्या वाजवल्या. सोबतचा एक लहान पोरगा ओरडला, "काका, हे पोहत नाही न जी!" आम्ही त्यालाच दटावलं. कासव कधी बुडते का रे?

बुडलं. दुसऱ्या दिवशी काठाला मेलेलं सापडलं.

पुढे वनरक्षकाने समजावलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते स्टार कासव होतं. ही जात जमिनीवरची. पाय खांबासारखे, बोटांत पडदा नाही. कोरड्या माळरानात, झुडपी रानात गवत-पाला खाऊन जगते. खोल पाण्यात ती तरत नाही. भातपोळी हेही तिचं अन्न नव्हे. त्याने पाठीचं कवच वेडंवाकडं वाढतं.

आमचा हेतू मारण्याचा नव्हता, हे खरं. पण जीव गेला तो गेलाच. बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञा, शील आणि करुणा एकत्र सांगितली. त्या दिवशी आमच्याजवळ करुणा होती, शील घेतलेलं होतं, प्रज्ञा मात्र घरी राहिली होती. त्या पोराजवळ ती होती, आणि त्याचं आम्ही ऐकलं नाही.

बंधूंनो, ही शिकवण आपल्याच मातीतली आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडकडे देवटेक म्हणून गाव आहे. तिथे अशोककालीन लिपीतला एक शिलालेख मिळाला. वा. वि. मिराशींनी तो वाचला. प्राण्यांना पकडू नये आणि मारू नये, अशी आज्ञा त्यात आहे. मारणं तर मना आहेच, पण पकडणंही मना आहे, हे ध्यानात घ्या. आणि राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर सम्राट अशोकाने जो पाचवा स्तंभलेख कोरवला, त्यात अभय दिलेल्या प्राण्यांच्या यादीत कासव आहे.

आजचा कायदाही तेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने स्टार कासव पाळणं, विकणं गुन्हा आहे. 2019 साली जिनिव्हाच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तरी चोरटी विक्री चालते. का? तर आपण विकत घेतो म्हणून. वीस नखांचं कासव पैशाचा पाऊस पाडते म्हणणारे भोंदू आपल्याकडेही फिरतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या घरात असलं खूळ शिरलं, तर दोष कासवाचा नाही.

मग नको झालेल्या कासवाचं करायचं काय? पहिल्या घटनेनंतर दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका घरी तसंच कासव निघालं. घरची मंडळी घाबरली. केस होईल म्हणून रात्री गुपचूप नाल्यात टाकू म्हणत होती. आम्ही म्हटलं, थांबा, आम्ही सोबत येतो. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक आले, जबाब झाला, पंचनामा झाला. आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलो. कासव उपचार केंद्राकडे गेलं. त्या माउलीने निघताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सरळ रानात का सोडत नाहीत, असं आम्ही विचारलं होतं. घरात राहिलेल्या कासवाला रोग असू शकतो, तो रानातल्या कासवांना लागतो. म्हणून आधी वेगळं ठेवतात, तपासतात, रानातलं खाणं शिकवतात. 2022 साली पुण्याहून चारशेच्या वर स्टार कासवं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वनविकास महामंडळाच्या जंगलात आणली. काही तस्करांकडून पकडलेली, काही लोकांनी घरून आणून दिलेली. पुण्यात त्यांच्यावर उपचार झाले, मग इथे आधी कुंपणात ठेवून जंगलाची सवय लावण्याचं ठरलं. सुटका म्हणतात ती याला. एवढे कष्ट पडतात तिला.

दुसरं एक कासव दुकानात मिळतं. हिरवं, नाण्याएवढं, कानाजवळ लाल पट्टा. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. पोहतं चांगलं, म्हणून लोक तलावात सोडतात. पण ते मोठं होतं, मिळेल ते खातं आणि आपल्या तलावातल्या कासवांची जागा बळकावतं. तैवान, चीनमध्ये पुण्य म्हणून प्राणी विकत घेऊन सोडतात. त्यातून हे परकं कासव तिथल्या पाण्यात पसरलं. म्हणून तेही नदी-तलावात सोडू नका. वनखात्याला विचारा, आणि सोय होईपर्यंत नीट सांभाळा.

आमची एवढीच विनंती. कासव विकत आणू नका. घरी असेल तर लपवू नका. विहारात येऊन सांगा, आम्ही सोबत येऊ. आणि लहान पोरगं काही बोललं, तर दटावण्याआधी ऐकून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!