वाचेची वाट पाहत थांबू नका



मूल सहा-सात वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले, आणि तरीही त्याच्या मुखातून दहा-वीस शब्दांपलीकडे काही उमटत नाही, अशी कुटुंबे आपल्या परिचयात असतातच. स्वमग्न मुलांपैकी दर शंभरात सुमारे २५ ते ३० मुले शालेय वयातही अशी अल्पभाषी राहतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा घरी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'पाच वर्षे उलटली, आता काय बोलणार?' हे पहिले. 'चित्रे दाखवायची सवय लागली तर तो बोलायचा कंटाळा करील,' हे दुसरे. पहिल्या वाक्याने आईबाप खचतात. दुसऱ्याने मुलाची वर्षे वाया जातात. दुसरे अधिक घातक, कारण ते शहाणपणाच्या वेषात येते.

वस्तुतः दोन्ही समज टिकणारे नाहीत. चौथ्या वर्षी भाषेत फार मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती अमेरिकेत अभ्यासली गेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के मुले पुढे शब्द जोडून बोलू लागली, तर ४७ टक्के अस्खलित बोलली. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्यांच्यासाठी कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास महत्त्वाचा आहे. पाच ते आठ वर्षांची, स्वतःहून वीस शब्दही न बोलणारी ६१ मुले त्यात होती. खेळातून संवाद शिकवण्याचे प्रशिक्षण सर्वांना मिळाले. निम्म्यांना त्याच्या जोडीला, चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे यंत्रही पहिल्या दिवसापासून दिले गेले. सहा महिन्यांत दिसले ते असे, की तोंडाने वा यंत्राने स्वतःहून संवाद साधण्यात यंत्र मिळालेली मुले पुढे गेली. चित्रे वा यंत्र यांमुळे बोलणे घटते काय, हे तपासणाऱ्या २००६ सालच्या एका आढाव्यात, नीट नोंदलेल्या २७ विकलांग मुला-माणसांपैकी एकाचेही बोलणे घटलेले आढळले नाही. बहुतेकांचे वाढले, थोडेसेच, पण वाढले.

मग घरी करायचे काय? आपल्याकडे प्रेमच कधी आड येते. मुलाने पाण्याकडे पाहिले की आजी पेला पुढे करते. भूक लागण्याआधी ताट वाढलेले असते. मागण्याची गरजच उरली नाही, तर मागणे शिकायचे कसे? म्हणून आवडता चिवडा घट्ट झाकणाच्या, पारदर्शक डब्यात ठेवावा. चिमूटभर द्यावा आणि थांबावे. मनात दहा अंक मोजावेत. हे थांबणे आईला फार जड जाते, पण बहुतेक वेळा मुलाचा हात हलतो तो त्या शांततेतच.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर येथे चित्र-देवाणघेवाणीची पद्धत विकसित केली. तिच्या पहिल्या पायरीवर दोन मोठी माणसे लागतात. एक समोर, आवडती वस्तू घेऊन. दुसरा मुलाच्या मागे. तो मुलाच्या हाताने चित्र उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेववतो आणि स्वतः अवाक्षर बोलत नाही. चित्र हाती पडताच समोरचा वस्तूचे नाव घेऊन ती तत्काळ देतो. हळूहळू मागचा हात काढून घ्यायचा. ज्या घरी काका-काकू, आजोबा आहेत, तेथे दुसरा माणूस शोधावा लागत नाही.

पहिले चित्र खाऊचे असावे. मात्र 'नको' आणि 'बास' यांना फार मागे ठेवू नये. जो मुलगा चावतो, डोके आपटतो, तो अनेकदा एवढेच सांगत असतो, की हे मला नको. एडवर्ड कार आणि मार्क डुरँड यांनी १९८५ साली दाखवून दिले, की त्याच अर्थाचा सोपा संकेत हाती दिला म्हणजे असे वर्तन कमी होते. अर्थात, मुलाने 'नको'चे चित्र दिल्यावर मोठ्यांनी ते मानलेही पाहिजे.

भाषेविषयीही एक गैरसमज आहे. मुलाचा गोंधळ होईल म्हणून घरी मराठी सोडून केवळ इंग्रजी बोला, असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा आणखी मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. आजीने नातवाशी मराठीत बोलू नये, हा केवढा अन्याय! शिवाय आपल्या भाषेत दे, घे, ये, जा ही रोजची क्रियापदे एकेका अक्षराची आहेत; सुरुवातीला याहून सोयीचे काय असणार? आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे विनामूल्य ॲप मराठीत बोलते. मोबाइल नसेल तर वहीत चिकटवलेली छायाचित्रेही चालतात.

एका पद्धतीपासून मात्र दूर राहावे. मुलाचा हात वा कोपर धरून अक्षरपाटीवर त्याच्याकडून लांबलचक वाक्ये 'लिहवून' घेतली जातात. प्रयोगांत आढळले, की ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात. अमेरिकेतील वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट केले. आसुसलेल्या पालकांना ती भुरळ घालते, हे समजण्यासारखे आहे.

शेवटी शाळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि योग्य त्या संवादसाधनांच्या वापराला त्यात स्थान आहे. शिक्षकांशी बोलताना आग्रह एकच धरावा: मुलाची चित्रवही कपाटात कुलूपबंद नको. ती मधल्या सुट्टीतही त्याच्या गळ्यात वा हाताशी हवी, कारण डबा तेव्हाच उघडतो, आणि शेजारच्या मुलाच्या डब्यातले काही मागावेसे वाटते तेही तेव्हाच.