पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलांसाठी

‘या बाई कधी एकदा खाली बसतायत’ असं तुम्हा सगळ्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतंय. तुमचे नाच व्हायचेत, मेकअप उतरायला लागलाय, हे मला कळतंय. मी लांबवणार नाही.

आमच्या लहानपणी जुन्नर-आंबेगावातली गॅदरिंगं रात्री रंगायची. आता तुमच्या सरांनी दुपारचा मुहूर्त धरलाय, कारण अंधार पडायच्या आत प्रत्येकाला उसाच्या कडेने आपापल्या वस्तीवर पोचायचंय. बिबट्याच्या भागात हे शहाणपणाचंच आहे. बरं, मला सांगा, वनखात्याची हेल्पलाइन किती जणांना पाठ आहे? बघा, किती हात वर आले! १९२६. उसाच्या कडेने कसं जायचं, हे इथलं पाचवीतलं पोरगंही सांगेल. एकट्याने जायचं नाही. मोठ्याने बोलत जायचं. मोबाईलवर गाणी लावायची. बांधावर वाकून बसायचं नाही. चिखलात ठसा दिसला की दहा मिनिटांत गावाच्या ग्रुपवर फोटो आणि लगेच वनरक्षकाला फोन. आणि घाबरलेल्या पोराला कुणी भित्रा म्हणत नाही. या दोन तालुक्यांत कितीतरी घरांनी आपलं माणूस गमावलंय. त्यातलं कुणी आज इथे बसलंही असेल. त्यामुळे या भीतीची कुणी टिंगल करत नाही.

आता दुसऱ्या भीतीबद्दल विचारते. गणित डोक्यावरून जातंय, हे मोठ्याने किती जणांनी सांगितलंय? वर्गात चिडवतात म्हणून मधल्या सुट्टीत संडासात जाऊन बसावं लागतं, हे घरी किती जणांनी सांगितलंय? हात वर करू नका. करणार नाही, हे माहीत आहे मला.

मंचरला माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. जून-जुलैत आणि सहामाहीच्या आधी पोटात दुखणारी मुलं फार येतात. आई सांगते, ‘‘मॅडम, सकाळी साडेनऊला दुखायला लागतं, साडेअकराला आपोआप थांबतं. रविवारी दुखतच नाही.’’ वडील शेजारी हसतात, ‘‘नाटकं करतोय ओ.’’ पोट तपासते, लघवी तपासते, गरज वाटली तर सोनोग्राफी करते. सगळं नॉर्मल. पण पालकांनो, ते दुखणं खोटं नसतं. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, एरवी जाणवणार नाही तेही दुखतं. पोरगं खरंच कळवळत असतं. त्याला सांगता येत नाही ते त्याचं पोट सांगतं. साडेनऊला काय असतं, एवढंच विचारायचं असतं. बहुतेक वेळा पहिल्या तासाला काय आहे त्यात उत्तर सापडतं.

एक आठवीतली मुलगी होती. नाव-गाव सांगत नाही. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली, शिकायला खाली वसतिगृहात राहिलेली. भाताची लावणी, हिरडा गोळा करणं, पावसात ओढा कुठून ओलांडायचा, यात तिने वर्गातल्या कुणालाही हरवलं असतं. पण मराठीच्या तासाला धडा वाचायला उभी राहिली की तिच्या बोलण्याची नक्कल व्हायची. तिने वाचणं बंद केलं, मग जेवण. पोटात दुखतं म्हणून तीन वेळा तिला माझ्याकडे आणलं, तीनही वेळा ती माझ्याशी एक अवाक्षर बोलली नाही. डॉक्टरपुढे कोण बोलतं? बोलली ती वसतिगृहात भाकरी करणाऱ्या मावशीशी, पीठ मळता मळता. मावशीने रेक्टरला सांगितलं, रेक्टरने वर्गशिक्षिकेला. बाईंनी नक्कल करणाऱ्या तिघांना बोलावून घेतलं, सगळ्या वर्गासमोर नाही, वेगळं. दुखणं लगेच थांबलं नाही. महिना-दोन महिने चाललं, मग कमी झालं. म्हणून तुम्हाला सांगते, माणूस मोठ्या हुद्द्याचं शोधू नका. भाकरी करणारी मावशी चालते, शाळेचे शिपाईकाका चालतात, एसटीत रोज शेजारी बसणारी ताई चालते. पुढचं निरोप्याचं काम ते करतात.

पालकांसाठी एक जुनी गोष्ट. फेब्रुवारी २००१ पासून आपल्या जुन्नर वन विभागात बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सतरापर्यंत गेले होते आणि जिथे बिबटे सोडले त्याच्या आसपास जास्त झाले. पकडलेलं जनावर बिथरतं, अनोळखी ठिकाणी पडतं आणि मूळ जागी का येत होतं, हे तसंच राहतं. पुढे माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या, ज्याला ‘आजोबा’ म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो, २००९ साली चालत चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. तर आपलं पोरगं रडवेलं झालं की आपण काय करतो? ट्यूशन बदलतो. तिथेही जमलं नाही की शाळा बदलतो. मग पुण्याला काकांकडे पाठवतो. पोरगं तेच, भीती तीच, फक्त पत्ता नवा आणि ओळखीचं माणूस एकही नाही. कधी कधी शाळा बदलावी लागते, मान्य आहे. पण आधी पोराला विचारा.

दहावीच्या मुलांना जास्त सांगत नाही, ते आधीच सगळ्यांचं ऐकून कंटाळलेत. एवढंच लक्षात ठेवा : २०१५पासून बोर्डाची पुरवणी परीक्षा सहसा जून-जुलैमध्ये होते. एखादा विषय राहिला तर तो काढून त्याच वर्षी अकरावीला प्रवेश घेता येतो. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं आणि वर्ष जायचं. नारायणगाव, मंचरच्या स्टँडवर पंचाण्णव टक्केवाल्यांचे फ्लेक्स लागतात, लागू देत, त्यांनी कष्ट केलेत. पण बावन्न टक्के मिळवून सुट्टीत पहाटे बापाबरोबर टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला जाणाऱ्या आणि भाव कळल्याबरोबर तोंडी हिशेब करणाऱ्या मुलाला गणित येत नाही असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्याला बीजगणित कुणीतरी क्रेटपासून सुरू करून शिकवायला हवं होतं. सर, हे तुमच्यासाठी.

मोठ्या दुःखाबद्दल बोलायला मला जड जातं, पण आंबेगावात राहून ते टाळता येत नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गावावर डोंगर कोसळला. एसटीच्या चालकाला रोजच्या रस्त्यावर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. दीडशेवर माणसं गेली. गाडीभर घोंगड्या आल्या, धान्य आलं, कॅमेरे आले, पुढे २०१७ साली आमडेला नवी घरं उभी राहिली. पण अशा वेळी मुलं लगेच रडत नाहीत. ती खेळतात, जेवतात, आणि मोठे म्हणतात, ‘विसरलं पोरगं.’ सहा महिन्यांनी, वर्षाने ते अचानक अंथरूण ओलं करू लागतं, वर्गात भांडू लागतं, तोवर विचारपूस करणारे परत गेलेले असतात. तुमच्या घरात कुणी गेलं असेल आणि दिवसकार्याला तुम्हाला रडू आलं नसेल, तर तुम्ही निर्दय नाही. ते नंतर येतं. आलं की येऊ द्या.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. मित्राची गुपितं सांभाळावीत. पण ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं कुणी म्हणालं आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून शपथ घातली, तर ती शपथ मोडायची, त्याच दिवशी. मोठ्या माणसाला सांगायचं आणि सांगेपर्यंत मित्राला एकटं सोडायचं नाही. तो चिडेल, चार दिवस बोलणार नाही. चिडू दे. आणि दोन नंबर लिहून घ्या. १४४१६ हा टेली-मानसचा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. १०९८ हा मुलांसाठीचा. मुख्याध्यापक सर, शाळेच्या दारात १९२६ रंगवलेला मी येताना पाहिला. त्याखाली हे दोन येऊ देत. रंगाचे पैसे माझ्याकडून.

मी बक्षीस समारंभ संपेपर्यंत इथेच आहे, मागे चहाच्या टेबलापाशी. कुणाला काही बोलायचं असेल तर या. मैत्रिणींसमोर कारण हवं असेल तर ‘पोटात दुखतंय’ म्हणून सांगा. औषधांची पेटी आणलीय मी, कुणाला शंका येणार नाही.