तक्रार वॉर्डातून लाइनपर्यंत

उद्योजक, अभियंते, डॉक्टर मंडळी आणि रात्रपाळी संपवून थेट सभागृहात आलेल्या बंधू-भगिनींनो,

आपला पिंपरी-चाकणचा पट्टा गाड्यांसाठी ओळखला जातो. पण पिंपरीत मोठी कारखानदारी आली ती औषधाच्या निमित्ताने. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपली एच.ए. कंपनी, १९५४ साली उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बजाज आणि टेल्को त्यानंतर आल्या. आज चाकणला फिलिप्सच्या कारखान्यात कॅथलॅबची यंत्रं बनतात. रुग्णाच्या शरीराशी ज्याचा संबंध येतो असा माल बनवणं या मातीला नवं नाही.

सुधारणा करायला मात्र आपण गाड्यांच्या लाइनवर शिकलो. सकाळी ऑपरेटरला अडचण दिसली, दुपारी फिक्स्चर बदललं, संध्याकाळी कायझेनचा कागद बोर्डावर लागला. या वेगाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात हाच वेग कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, एवढंच मला आज बोलायचं आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणारी वस्तू ज्या पाऊचमध्ये असते, त्याचं सीलिंग घ्या. तापमान, दाब आणि वेळ या तिन्हींचं जमलं तर सील धरतं. नाही जमलं तर डोळ्यांना न दिसणारी फट राहते आणि जंतूंना तेवढी पुरते. निर्जंतुक केलेला एखादा नग अनिर्जंतुक राहण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त नसावी, हा जगभरचा मापदंड आहे. पण नग निर्जंतुक आहे का, हे पाहायला पाकीट फोडलं की माल गेला. म्हणून आधी प्रक्रिया सिद्ध करायची आणि सिद्ध झालेली मर्यादा ओलांडायची नाही.

आता समजा, रात्री अडीच वाजता पाऊचचा नवा रोल लागला आणि ऑपरेटर ताईंना सीलच्या कडेला बारीक सुरकुती दिसली. गाडीच्या लाइनवर असत्या, तर त्यांनी सेटिंग किंचित सरकवलं असतं आणि सुपरवायझरने शाबासकी दिली असती. इथे सिद्ध मर्यादेबाहेर तसं केलं तर ती गंभीर चूक ठरते. मशीन थांबवून सांगणं हे त्यांचं काम. पण सांगितलं की सहा पानी फॉर्म, चार सह्या आणि ‘शिफ्टचा आकडा का पडला’ हा प्रश्न. पुढच्या वेळी ताई गप्प बसतात. माझ्या मते आपल्या क्षेत्रातली सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे हे गप्प बसणं.

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी बदलांचे मोठे आणि किरकोळ असे दोन भाग केले. साहित्य, निर्जंतुकीकरणाची पद्धत किंवा गुणवत्तेवर परिणाम करणारी प्रक्रिया बदलायची, तर आधी परवानगी लागते. हे योग्यच आहे. पण बदल सावकाश करायचा, म्हणून दिसलेलं सांगायलाही उशीर लावायचा, असं कोणत्याच नियमात नाही. निरीक्षण दोन ओळींत, मराठीत, त्याच शिफ्टमध्ये नोंदलं जावं. बदल पुढे पूर्ण तपासणीनंतर व्हावा. हे दोन रस्ते वेगळे ठेवायला फार खर्च येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी कामगाराकडून आपण सूक्ष्म निरीक्षणाची अपेक्षा करतो. सुरकुती ओळखायला नजर तयार व्हावी लागते, आणि ती तयार होते तोवर त्याचं कंत्राट संपलेलं असतं. सीलिंग, असेंब्ली आणि अंतिम तपासणी या जागांवर तरी माणूस कायम ठेवा.

हे झालं कारखान्याचं टोक. दुसरं टोक रुग्णालयाचं. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला मिळालेल्या दीडशे व्हेंटिलेटरांचा प्रश्न मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. यंत्रं नीट चालत नाहीत, असं डॉक्टरांकडून सांगितलं जात होतं. केंद्र सरकार रुग्णालयातल्या व्यवस्थेकडे बोट दाखवत होतं. कोण बरोबर, हा निवाडा मी करणार नाही. पण व्हेंटिलेटरबद्दलची तक्रार कोर्टात पोहोचण्याआधी बनवणाऱ्याच्या टेबलावर पोहोचायला हवी, यावर तरी दुमत नसावं. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून आहे. आपल्यापैकी किती जणांच्या लाइनवर त्याची नुसती माहिती तरी लावलेली आहे? परिचारिकेने तक्रारीत लिहिलेलं वाक्य क्वालिटी विभागाच्या फाइलमध्ये संपतं, पाऊच सील करणाऱ्या ताईंपर्यंत येत नाही.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी माझी एक मागणी आहे. प्रत्येक कंपनीने दर तिमाहीला आपले दोन ऑपरेटर पिंपरीतल्या वायसीएमसारख्या रुग्णालयाच्या वॉर्डात, परवानगी घेऊन, दिवसभर पाठवावेत. पगारी दिवस धरून. आपण बनवलेलं पाकीट परिचारिका हातमोजे घालून घाईत कसं फाडते, ते त्यांनी बघावं आणि परत येऊन आधी लाइनवर सांगावं, मॅनेजरला नंतर. कोणत्या कंपन्या तयार आहेत, त्यांची नावं आजच लिहून घेऊ.