तारापूरचा कोट आणि दर्या

दांडीहून उत्तरेला जवळच तारापूरचा कोट आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. बाजी भिवराव तेथे कामी आले. मे महिन्यात वसईही पडली. दर्यावर्दी शत्रू असा जमिनीवरून हटवला.

रोमही जमिनीवरचाच गडी. पण कार्थेजशी गाठ पडताच त्याने आरमार बांधले आणि इ. स. पूर्व २४१ मध्ये पहिले युद्ध समुद्रावर जिंकले. आपल्याकडे उलटे झाले. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांना मोडले; विजयदुर्गास त्यांचे आरमार जळाले. १७७४ च्या अखेरीस त्याच इंग्रजांनी ठाणे घेतले, पाठोपाठ साष्टी गेली.

गुरुजींनी मुलांना कोट दाखवताना एवढे जरूर सांगावे: किल्ला घेतला, तरी दर्या राखावा लागतो.