महिनाभरात एक वही



आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलणं संपून चहा आला की मग खरे विषय निघतात. अशाच एका बैठकीत एक ताई म्हणाली, "महिन्याभरात अख्खी कादंबरी लिवून होते काय गो?" तिची पुतणी पुण्याला कॉलेजात आहे, तिच्याकडून तिने ऐकलं होतं. अमेरिकेत १९९९ साली एकवीस जणांनी ठरवलं की एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची, चांगली होवो की वाईट. पुढे दरवर्षी नोव्हेंबरात हजारो माणसं तसं लिहू लागली. हे ऐकून सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "त्यांच्याकडे भात कापायला दुसरं कोण असेल!"

हसणं बरोबरच होतं. पण असल्या गोष्टीसाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. त्यांनी 'श्यामची आई' किती दिवसांत लिहिली? नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, लिहायला घेतली आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे, संपवली. महिना दूरच, पुरता आठवडाही नाही. 

हे सांगितल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालंच, "तुरुंगात चहा मागणारं कोणी नसेल." तेही खरं. पाणी भरायचं नाही, पाहुणा येणार नाही, गाईला वैरण घालायची नाही. पण त्यापेक्षा मोठं कारण आम्हाला वेगळंच वाटतं. गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं त्या गोष्टी त्यांच्या पोटात होत्या. त्यांनी त्या घोळवल्या असतील, कुणाकुणाला सांगितल्या असतील. लिहायला पाच दिवस लागले, कारण बाकीचं काम आधीच झालेलं होतं. आपल्यातल्या किती जणींच्या पोटात अशी पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांची गोष्ट तयार आहे, ते गटाच्या बैठकीत बसून आम्ही रोज बघतो. ती कागदावर यायला वेळ मिळत नाही, एवढंच.

तर वेळेचं बोलू. सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचे त्या कामांत रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं त्यात निघालं. पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांची मिनिटं निघाली ९७, आणि तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांची. शेतावरचं, मजुरीचं काम ह्याच्या बाहेर. म्हणून "मनात असलं की वेळ मिळतोच" असं जे कुणी म्हणतं त्याच्याशी आमचं पटत नाही. मनात असून वेळ मिळत नाही, हेच बहुतेकींचं खरं आहे. पहाटे चारला उठून लिहा हा सल्लाही आम्ही देत नाही. पहाटे उठून ज्याला लिहिता येतं त्याच्या घरात चूल दुसरं कोणी पेटवत असतं. आणि झोप तोडून तर लिहूच नका, चार दिवस जमेल आणि पाचव्या दिवशी ताप येईल.

आम्ही गटात एक केलं. जमाखर्चाची वही आपल्याला नवी नाही. तसाच एका दिवसाच्या वेळेचा जमाखर्च सात जणींनी मांडला. उठल्यापासून निजेपर्यंत, कुठे किती गेला ते. त्यात एक गंमत निघाली. मोकळा वेळ कुणाकडेच नव्हता, पण थांबायचा वेळ सगळ्यांकडे होता. गिरणीत दळणाला नंबर लावून थांबायचं. वीज गेली तर आणखी थांबायचं. एसटीला थांबायचं, रेशनला थांबायचं, दवाखान्यात पोराला घेऊन थांबायचं. नळाला पाणी येईल म्हणून कळशी लावून थांबायचं. एकीचा तर असा दिवसाचा पाऊण तास निघाला. तिला स्वतःलाच खरं वाटेना. त्या पाऊण तासात ती काय करत होती? "वैताग करत होते," म्हणाली.

तेव्हा वही पिशवीत ठेवायची, दळणाच्या डब्याबरोबर. घरी बसून लिहायला जागा हवी, टेबल हवं, असं काही नाही. आमच्यातल्या एकीने निम्मी वही गिरणीच्या ओट्यावर भरली. गिरणीवाला पहिले दोन दिवस विचारत होता, "कसला सर्व्हे?" तिसऱ्या दिवसापासून त्याने तिच्यासाठी खुर्ची ठेवली.

थांबायचा वेळ पुरत नाही त्या दिवसांसाठी पाळी. लावणीला आपण आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात असं जातोच ना? तसंच. आज तुझी पोरं माझ्या खळ्यात, उद्या माझी तुझ्या. एक तास. पैसे लागत नाहीत, फक्त ठरवावं लागतं, आणि ठरवायला आपल्या गटासारखी दुसरी जागा नाही.

महिना कोणता धरायचा, हेही आपलं आपण ठरवायचं. नोव्हेंबर आपल्या कामाचा नाही, तेव्हा कुठे कापणी-झोडणी आवरत असते. मार्चात शिमगा आणि चाकरमानी, एप्रिल-मे आंबा, काजू आणि पाण्याची टंचाई. जूनपासून लावणी, मग गणपती. आम्ही पौष धरला. भात घरात आलेलं असतं, आंबा यायचा असतो आणि मुख्य म्हणजे पौषात लग्नं नसतात. एक अडचण मात्र आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू! ते आधी मोजून ठेवा आणि त्याच्या अगोदरच्या दिवसांत जास्त पानं उरकून घ्या. मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या, किनाऱ्यावरच्या मैत्रिणींचं गणित निराळं आहे. त्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पाऊस दाराशी असतो, जाळी शिवून झाली की हात थोडे रिकामे होतात. त्यांनी तो काळ धरावा.

आता किती लिहायचं? पन्नास हजार शब्द म्हणजे रोज जवळजवळ सतराशे. आम्ही आमच्या अक्षरात मोजून बघितलं. वहीच्या एका पानावर दीडशे शब्द बसतात. म्हणजे रोज अकरा पानं. ते होणार नाही, आणि ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी आपण वही बंद करून फळीवर टाकू. म्हणून आम्ही चार पानं धरली. तीस दिवसांत एकशेवीस पानं, अठरा हजार शब्द. शहाणी माणसं त्याला कादंबरी म्हणणार नाहीत, दीर्घकथा म्हणतील. म्हणू देत. बचतीत आपण पहिल्याच आठवड्याला हजार रुपये ठेवले होते का? दहा-वीस रुपयांपासून सुरुवात केली आणि बँक दारात आली.

पहिला आठवडा सगळ्यांचा छान जातो. नवव्या-दहाव्या दिवशी अडतं. आपण लिहिलेलं आपल्यालाच रद्दी वाटायला लागतं, शुद्धलेखनाची लाज वाटते, "हे कोण वाचणार" असं होतं. त्यावर आमच्याकडे एकच उपाय चालला. आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की प्रत्येकीने एक पान मोठ्याने वाचायचं. ऐकणारीने ऱ्हस्व-दीर्घ काढायचं नाही, "असं नको होतं" म्हणायचं नाही. विचारायचं फक्त एवढंच: पुढे काय झालं? एका पानात सून माहेराहून परत येताना खाडीच्या धक्क्यावर बसून राहते, तिथेच पान संपलं. आठ जणी आठवडाभर तिच्या मागे लागल्या, ती सून गेली का घरी? आता सांगा, ती बाई लिहिणं कशी सोडेल?

आणि हो, मागचं खोडत बसू नका. पुढे जा. खोडायला चैत्र-वैशाख आहे.

आता जड गोष्टीकडे येतो. सातांपैकी एकीने अकराव्या दिवशी वही परत आणून दिली. घरात म्हणाले होते, "आमचीच धुणी चव्हाट्यावर मांडतेस काय?" तिची गोष्ट सासरची होतीच, खोटं कशाला बोला. हा प्रश्न वेळेचा नाही आणि उत्साहाचाही नाही. बाई हिशेब लिहिते तेव्हा घरात कौतुक होतं, पण ती आठवण लिहायला लागली की घर सावध होतं.

हे आजचं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहायच्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. ते पुस्तक, 'जिणं आमुचं', १९८६ मध्ये निघालं आणि पुढे इतर भाषांत गेलं. आपल्या रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार. वडील गेल्यावर त्यांची आई बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवायची. बांबूच्या त्या वस्तूंनाच आयदान म्हणतात, आणि २००३ साली आलेल्या ऊर्मिलाताईंच्या पुस्तकाचं नावही तेच. ह्या दोघींनी स्वतःच्या नावाने, सगळं उघड लिहिलं. तेवढी छाती प्रत्येकीची असेलच असं नाही, आणि असायलाच हवी असा आमचा आग्रहही नाही.

कादंबरीचा उपयोग इथेच होतो. साने गुरुजींचं नाव पांडुरंग होतं, पुस्तकात ते श्याम झाले. तेवढ्या एका नावाने माणूस मोकळा होतो. मात्र वाडीत नुसतं नाव बदलून भागत नाही, दुसऱ्याच ओळीला ओळखतात. तेव्हा गाव बदला, मुलांची संख्या बदला, नवरा मुंबईला गिरणीत असेल तर त्याला बोटीवर घाला. दोन सासवांची मिळून एक सासू करा. जे घडलं त्यातलं दुखणं तेवढं खरं ठेवा, बाकी सगळं शिवून-टाचून नवं करा. त्या ताईने तसंच केलं. सासूबाईंना तिने चुलत आजी केलं, खेड तालुक्यातली, आणि सोळाव्या दिवशी पुन्हा लिहायला बसली.

तिची वही घरी ठेवायची नाही असं मात्र ठरलं. गटाची पेटी आहे, तिला कुलूप आहे, पैसे हल्ली बँकेत असतात म्हणून पेटी रिकामीच असते. आता त्यात वह्या असतात. किल्ली कोणाकडे ते रेडिओवर सांगत नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी "आमचं काय" म्हणून गप्प बसू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात रचत आणि घरातल्या मुलांनी, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. आमच्या एका आजींनी नातीच्या फोनमध्ये रोज रात्री दहा मिनिटं सांगितलं. नात रविवारी उतरवून काढायची. फक्त एक अट घातली होती: आजी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहायचं, 'होतं' करायचं नाही. पहिल्या रविवारी पोरीने सगळं शाळेतल्या भाषेत करून आणलं. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ही बाय कोण? हिला मी वळखत नाय." मग तिने सगळं परत उतरवलं.

सातांपैकी चौघींच्या वह्या पुऱ्या झाल्या. त्यातल्या दोन वाचण्यासारख्या आहेत, हे आम्ही तोंडदेखलं म्हणत नाही. एक निम्मी राहिली, कारण तिच्या सुनेचं बाळंतपण मध्ये आलं. दोघींनी सोडलं, त्यांनी सोडायचं कारण विचारू नका असं सांगितलं, आम्हीही विचारलं नाही. बचतीचा हप्ता चुकला की दंड असतो, पानं चुकली तर दंड ठेवलेला नाही.

येत्या पौषात पुन्हा करायचं आहे. आपापल्या गावात करणार असाल तर वही आताच घेऊन ठेवा, दोनशे पानी, रेघांची, जाड पुठ्ठ्याची. पातळ पुठ्ठा दळणाच्या पिशवीत टिकत नाही. पेनं दोन घ्या, कारण एक पोरं पळवतात. पहिल्या पानावर काहीच लिहू नका, दुसऱ्यापासून सुरू करा. नाव शेवटी सुचतं, त्यासाठी ते पान कोरं असू दे. आणि धक्क्यावरच्या त्या सुनेचं काय झालं असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी पुढच्या महिन्यात ह्याच वेळेला रेडिओ लावा. लिहिणारी ताई स्वतः येऊन वाचणार आहे, तिने होकार दिला आहे.