प्रश्न कोणाला विचारायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही पेपर मिलचे कामगार. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात. बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर पोटात घाला.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वस्तीतली एक माय आपल्या पोरीला घेऊन आमच्याकडे आली. पोरीची छेड काढून तिला ओढत नेण्याचा प्रयत्न झाला होता. आम्ही चार-पाच कार्यकर्ते बसलो आणि विचारत सुटलो. एवढ्या उशिरा कुठं गेली होतीस? सोबत कोण होतं? ओरडली का नाहीस? माय बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, माह्या पोरीले इतके प्रश्न विचारले. त्या पोट्ट्याले कोनं एक तरी विचारला का?" आमच्या माना खाली गेल्या.

बंधूंनो, हाच प्रश्न या देशात मोठ्यानं विचारला गेला तो आपल्याच भागातल्या एका पोरीमुळे. २६ मार्च १९७२ ची रात्र. गाव वडसा-देसाईगंज. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. चौदा ते सोळा वर्षांची, आईबापाविना वाढलेली, मजुरी करणारी आदिवासी मुलगी. तिला पळवून नेल्याची तक्रार भावानं दिली, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवून घेतलं. दोन पोलिसांवर आरोप झाला.

१९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलीला संबंधांची सवय होती, म्हणजे तिची संमती होती, असा हिशोब. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगितलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचं पटत नाही, म्हणून संमतीच. जे आम्ही त्या पोरीला विचारलं, तेच!

आता बघा, हा विचार एकट्या न्यायाधीशांचा नव्हता. गुन्ह्याचा अभ्यास करणारे विद्वानही तसंच शिकवत. १९७१ मध्ये अमेरिकेत मेनाखेम अमीर यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या पोलीस नोंदींवर पुस्तक लिहिलं. त्यात काही बलात्कार बाईनंच ओढवून घेतलेले, असा वेगळा वर्ग केला होता. स्त्रीवादी विचारवंतांनी हे उलटून टाकलं. सुझन ब्राउनमिलर यांनी १९७५ मध्ये मांडलं की बलात्कार ही वासनेची नव्हे, सत्तेची गोष्ट आहे. कॅरोल स्मार्ट यांनी १९७६ मध्ये इंग्लंडात दाखवलं की गुन्हेगारीशास्त्र बाईला एक तर विसरतं, नाही तर तिच्याबद्दलचे जुने गैरसमजच शास्त्र म्हणून पुढं करतं. बाईचं चारित्र्य तपासणं सोडा आणि आधी दार कोणाच्या हातात होतं ते बघा, असा याचा अर्थ आम्ही घेतला.

आपल्याकडे १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्री पोलीस ठाण्यात अडकलेली गरीब आदिवासी पोर कोणाविरुद्ध ओरडणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९८० मध्ये ठिकठिकाणी महिला रस्त्यावर आल्या.

त्यातून कायदा हलला. १९८३ पासून ताब्यातल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं. खटला बंद दाराआड चालवायचा. तिचं नाव छापणं गुन्हा झाला. तो खटला देशभर तिच्याच नावानं ओळखला जातो, पण आम्ही इथे ते नाव घेत नाही. पुढं तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष खोटी पाडायची मुभा देणारं कलम निघालं. २०१३ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन बोटांच्या तपासणीला सक्त मनाई केली.

पण त्या पोरीला काय मिळालं? तिचा निकाल फिरला नाही. देशातल्या लेकीबाळींना तिच्यामुळे कायदा मिळाला, ती मात्र रित्या हातानं राहिली. हे ऋण आपल्या दोन्ही जिल्ह्यांवर आहे.

आणि कायदा बदलला म्हणून वस्ती बदलते असं नाही. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं. तिथं बाई असणं आणि जात, दोन्ही एकत्र आले. पण बाईला कोणते प्रश्न विचारले जातात, हे केवळ दुसऱ्या जातीचे लोक ठरवत नाहीत. आपल्या ओट्यावरही ते ठरतं.

म्हणून आम्ही विहार समितीपुढं एवढंच मागणं ठेवतो. अशी तक्रार घेऊन कोणी आली, तर आधी महिला मंडळाच्या दोघींनी तिच्याजवळ बसावं. ती सांगेल ते ऐकावं, उलटतपासणी करू नये. तिची इच्छा असेल तर ठाण्यात सोबत जावं. अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते, त्याची प्रत फुकट मिळते, आणि तक्रार घ्यायला नकार देणं हाच गुन्हा आहे. एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असावं.

त्या मायनं विचारलेला प्रश्न आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तुम्हीही लिहून ठेवा.

जयभीम!