जुनी मोटरबोट घेताना

मागच्या वेळी जुनं शिलाई मशीन कसं बघून घ्यायचं ते आपण बोललो. आज बोलायचंय जुन्या मोटरबोटीबद्दल. हसू नका. इचलकरंजीला समुद्र नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पंचगंगा आहे, आणि २००५, २०१९, २०२१ या सालांत ती किती आत आली होती हे नदीकाठच्या कुठल्याही बाईला विचारा.

आमच्या गटात अकरा जणी. चौघी भोई समाजाच्या, त्यांच्या घरी मासेमारी चालते. बाकीच्या कुणी वहिफणीला जातात, कुणी कांड्या भरतात, कुणी शिवण करतात. गटाचं मागचं कर्ज वेळेत फिटलं, तेव्हा पुढचं कर्ज कशासाठी घ्यायचं यावर बैठक झाली. भोई गल्लीतल्या आक्का म्हणाल्या, "इंजिनाची नाव घेऊया. एरवी मासे आणि पलीकडच्या मळ्यातली वैरण, आणि पाणी चढलं तर माणसं." नवी नाव परवडणारी नव्हती. म्हणून जुनी.

त्याच बैठकीत ब्रह्मनाळची आठवण निघाली. ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ते गाव पाण्यात होतं, लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली, आणि त्यात गेलेल्यांत बायका-पोरंच जास्त. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. पुरात आपल्याकडं गुळाच्या काहिलीतूनसुद्धा माणसं काढलेली आहेत, त्यामुळं पाण्यावर तरंगतंय म्हणजे चालतंय अशी एक समजूत पडलीय. आम्ही ठरवलं, नाव घ्यायची तर तपासून, नाहीतर घ्यायचीच नाही. ठरवणं सोपं होतं. पुढचं ऐका.

पहिली नाव बघायला आम्ही चौघी फोंडा घाट उतरून मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावात गेलो. सोबत भोई गल्लीतले एक भाऊजी आणि पंपाची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री. फायबरची अठरा फुटी होडी, मागं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन, किंमत एक लाख पंचेचाळीस हजार. निळा-पांढरा रंग असा चकचकीत की आम्ही दुरूनच "अगंबाई" म्हणालो. मिस्त्री मात्र पुटपुटले, "रंग ओला वाटतोय." जुना माग घेताना आपण रंगाला भुलत नाही, जॉबरला नेऊन माग चालवून त्याचा आवाज ऐकतो. इथं मात्र आम्ही भुललो होतो, खोटं का बोला.

मिस्त्रींनी आधी इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला. गरम! म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच कुणीतरी चालू करून ठेवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. थंड इंजिन किती ओढण्यांत चालू होतं यावरच त्याची तब्येत कळते. गरम केलेलं इंजिन कुणाच्याही हाताला चालू होतं. मालक म्हणाले, "इंजिनाक कायच झाला नाय, काकी." आम्ही म्हटलं, बरं, चहा घेऊ, तासाभरानं बघू. त्यांचा चेहरा उतरला, पण चहा दिला, आणि चांगला दिला.

तोवर होडी बघितली. ती पाण्यातच बांधलेली होती. आम्ही ती वर ओढायला लावली, कारण बुडाचा भाग पाण्यात असताना काय दिसणार? मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडं हलकं ठोकत गेलो. मडकं घेताना टिचकी मारतो ना, तसंच. फायबर धड असेल तर टणक आवाज येतो. आतले थर सुटले असतील किंवा पाणी मुरलं असेल तर थप्प असा बसका आवाज येतो. बूड ठीक निघालं. एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या, पण त्या वरच्या थरातच होत्या.

खरी गोम निघाली मागच्या फळीत. इंजिन ज्या फळीवर लटकतं ती वरून फायबर दिसली तरी आत बहुतेकदा प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट त्यातून जातात. बोल्टाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे. इंजिनाची खालची दांडी धरून वर-खाली जोर द्यायचा आणि दुसरीनं फळीकडं बघत राहायचं. भाऊजींनी जोर दिला आणि फळी हलली. बोल्टाशेजारी टोचलं तर तपकिरी पाणी आलं. भर पुरात ही फळी सुटली तर इंजिन नदीच्या तळाला, आणि नाव माणसांसकट प्रवाहाच्या ताब्यात.

परतीच्या वाटेवर वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे. कर्ज मंजूर होतं, मे महिना संपत आला होता. आक्का म्हणाल्या, "फळी बदलून घेऊ, नाहीतर या पावसाळ्यात हात हलवत बसू." मालक वीस हजार कमी करायला तयार होते. आमच्यातल्या दोघींना ते पटलं. आम्ही नको म्हटलं, फळीपेक्षा गरम इंजिनामुळं. जो माणूस एक गोष्ट झाकतो त्यानं दुसरी झाकली नसेल कशावरून? आक्का राधानगरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

दुसरी नाव मिळाली ती एका तलावावर बोटिंग चालवणाऱ्या गृहस्थांकडं. रंग उडालेला, बाकं फाटलेली, बघून कुणी हळदी-कुंकू लावणार नाही अशी. पण मागची फळी दगडासारखी. तळावर चालून बघितलं, पाय कुठं दबत नव्हता. तळाखालच्या पोकळीत फोम असतो, तो पाणी पिऊन बसला तर नाव जड होते आणि बुडताना तरंगून धरायचं आपलं काम करत नाही. तेही कोरडं होतं.

इंजिन थंडगार. चौथ्या ओढणीला चालू झालं. मिस्त्रींनी गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे आत झीज. आणखी दोन गोष्टी बायकांनाही सहज बघता येतात. चालू इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार असते. ती तुटक असेल तर पंप तरी गेलाय किंवा आतली वाट तुंबलीय, आणि समुद्रातल्या इंजिनात मिठानं हमखास तुंबते. दुसरं, खालच्या गिअरचं थोडं तेल काढून बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. आमचं तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. पेट्रोलची नळी मात्र तडकलेली होती, आणि चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी मनगटातली दोरी जागेवरच नव्हती. दोन्हीचे पैसे किमतीतून कापले.

मग सहा जण बसून अर्धा तास फिरवली. रिकामी नाव सगळ्यांचीच पळते. उतरल्यावर तळात किती पाणी साठलंय ते बघितलं, एक कपडा भिजेल इतकं. एक लाख दहा हजारांना सौदा झाला.

कागदांचं सांगायचं राहिलं, आणि आमची अडचण तिथंच आहे. इंजिनाच्या नावेला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. देशात त्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडं जातं. समुद्रातल्या मासेमारीचा परवाना असलेली होडी आणली म्हणून नदीत माणसं बसवता येत नाहीत, तो कागद वेगळा. इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः ताडून बघा, मालकानं वाचून दाखवला म्हणून मान डोलावू नका. आमच्या आधीच्या मालकांनी तपासणीचा दाखला दोन वर्षं नवा केलेला नव्हता. आम्हाला ते माहीत होतं, त्यांनी लपवलं नाही. अर्ज गेलाय. तपासणी व्हायचीय.

तोवर नाव आमच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. आणल्या दिवशी घाटावर उतरवून बघायची आक्कांची फार इच्छा होती, पण नदीत तेव्हा जलपर्णी इतकी दाटली होती की पाणी दिसत नव्हतं. ती पंख्याला गुंडाळली की इंजिन गुदमरतं. म्हणून नावेत एक कोयता दोरीनं बांधून ठेवलाय. मात्र आधी इंजिन बंद, मगच पंख्याला हात.

लाइफ जॅकेटं आठ घेतली, नवी. जुनी स्वस्त मिळत होती, पण बादलीत दाबून धरली तर त्यातली तीन पाणी प्यायला लागली. आठ जॅकेटं म्हणजे चालवणारा धरून आठ माणसं. हे गटाच्या ठराव-वहीत लिहून अकराही जणींनी सह्या केल्यात. सही करताना एका वहिनींनी विचारलं, "नववं माणूस आपल्याच घरातलं असलं तर?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आक्काच म्हणाल्या, "दुसरी खेप मारायची," आणि पहिली सही त्यांनी केली.